नेमके कोणते सत्तासंतुलन?

वाचकांचे प्रश्न, अभ्यासकांची उत्तरे. या वेळी आंतरराष्ट्रीय राजकारणातल्या सत्तासंतुलनावर आलेली पत्रे घेतली आहेत. एकाच मुद्द्याची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : एका अग्रलेखात वाचले, ‘चीनच्या नौदलामुळे आशियातले सत्तासंतुलन बिघडले.’ दुसरीकडे वाचले, ‘सत्तासंतुलन चीनकडे झुकले.’ पाठ्यपुस्तक सांगते, सत्तासंतुलन म्हणजे बड्या राष्ट्रांमधली साधारण बरोबरी. बरोबरी असेल तर ती एकाकडे झुकेल कशी? यातले खरे कोणाचे? – पदवीचा विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : तिघांचेही असू शकते, कारण तिघे वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहेत. या संज्ञेचे हे दुखणे जुनेच आहे. आंतरराष्ट्रीय राजकारणाचे अभ्यासक अर्न्स्ट हास यांनी १९५३ मध्ये तिचे आठ अर्थ वेगळे काढून दाखवले, मार्टिन वाइट यांची यादी नऊवर गेली. वर्तमानपत्र वाचायला पाच पुरतात.

पहिला अर्थ बरोबरीचा, तुमच्या पुस्तकातला. १७१३ च्या उट्रेक्ट तहात तो दिसतो. स्पेनच्या गादीवर फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा नातू, पाचवा फिलिप, बसला होता. उद्या दोन्ही मुकुट एकाच डोक्यावर आले असते, तर त्या घराण्याला आवर घालणारे युरोपात कोणी उरले नसते. म्हणून फिलिपला फ्रान्सच्या गादीवरचा हक्क सोडावा लागला, आणि ब्रिटन-स्पेन तहात सत्तेचा न्याय्य समतोल हे उद्दिष्ट चक्क लिहून काढले गेले.

दुसरा अर्थ नुसत्या वाटपाचा : आज कोणाकडे किती बळ आहे, एवढेच. यात बरोबरी गृहीत धरलेली नाही. ‘झुकले’ हे क्रियापद याच अर्थाला शोभते.

तिसरा अर्थ धोरणाचा : कोणीही एक डोईजड होऊ नये म्हणून जाणूनबुजून टाकलेली पावले. ब्रिटनने युरोपात पिढ्यान्‌पिढ्या हेच केले. ब्रिटिश परराष्ट्र खात्यातले एअर क्रो यांनी जानेवारी १९०७ मध्ये जर्मनीविषयी जे टिपण लिहिले, त्यात युरोपवर वर्चस्व गाजवू पाहणाऱ्याला इंग्लंडचा विरोध होणे हे जवळपास निसर्गनियमासारखे मानले आहे.

चौथा अर्थ लबाड आहे. तोंडाने संतुलन म्हणायचे आणि आपले पारडे जड असावे हे मनात ठेवायचे. अमेरिकेच्या २००२ च्या राष्ट्रीय सुरक्षा धोरणात मानवी स्वातंत्र्याला अनुकूल असे सत्तासंतुलन घडवण्याची भाषा आहे. कोणाला तरी अनुकूल असलेल्या समतोलाला साध्या मराठीत वरचष्मा म्हणतात.

पाचवा अर्थ व्यवस्थेचा. एक राष्ट्र फार वाढले की बाकीची राष्ट्रे शस्त्रे वाढवतात किंवा एकमेकांना धरतात आणि संतुलन पुन्हा पुन्हा जमून येते, कोणाला ते हवे असो वा नसो. केनेथ वॉल्ट्झ यांनी १९७९ मध्ये मांडलेला सिद्धान्त तो हाच.

आता कृती. वाक्यातला ‘सत्तासंतुलन’ हा शब्द काढा आणि त्या जागी ‘बरोबरी’, ‘बळाचे वाटप’, ‘कोणाला डोईजड होऊ न देण्याचे धोरण’, ‘आमचा वरचष्मा’ आणि ‘आपोआप सावरणारी व्यवस्था’ हे एकेक घालून वाचा. ज्याने वाक्य उभे राहते तो लेखकाचा अर्थ. एक सराव करून पाहू. प्रशियाने फ्रान्सला हरवून जानेवारी १८७१ मध्ये जर्मन साम्राज्य जाहीर केले. पुढच्याच महिन्यात तिथले विरोधी पक्षनेते डिझरायली ब्रिटिश संसदेत म्हणाले की सत्तासंतुलन पार नष्ट झाले आहे आणि त्याची सर्वांत जास्त झळ इंग्लंडला बसते. इथे ‘वाटप’ घालून पाहा : वाटप बदलते, ते नष्ट कसे होईल? ‘बरोबरी’ घातली तर वाक्याचा पहिला अर्धा भाग चालतो, पण बरोबरी गेल्याची सर्वांत जास्त झळ रणांगणावर हरलेल्या फ्रान्सला न बसता इंग्लंडला का बसावी? उत्तर चौथ्या अर्थाच्या आसपास सापडते. इंग्लंडला सोयीची, त्याला फारसा खर्च न करता युरोपात वजन देणारी मांडणी मोडली होती.

अडचण एका लेखात एक अर्थ घेतल्याने होत नाही. पहिल्या परिच्छेदात ‘वाटप’ म्हणून आलेला शब्द तिसऱ्या परिच्छेदात गुपचूप ‘बरोबरी’ होतो आणि शेवटी ‘म्हणून शस्त्रे घ्या’ असा निष्कर्ष निघतो, तिथे फसगत होते. तुमच्या अग्रलेखात ‘बिघडले’ आहे. बिघडण्याआधी ते ठीक होते, ते कोणासाठी, हे त्या लेखकाला विचारायला हवे.

प्रश्न : सत्तासंतुलनामुळे शांतता टिकते आणि लहान राष्ट्रे वाचतात, असे शिकवले जाते. मग पोलंड नकाशावरून पुसला कसा गेला? – निवृत्त शिक्षिका, अकोला

उत्तर : संतुलनाच्या नावानेच पुसला गेला. १७६८ पासून रशिया तुर्कांशी लढत होता आणि जिंकत होता. रशिया डॅन्यूबकाठच्या मोल्डेव्हिया आणि वालाकिया या प्रांतांत बस्तान मांडणार म्हणून ऑस्ट्रिया बिथरला. प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकला या दोघांच्या भांडणात पडायचे नव्हते, त्याला पोलंडचा मुलूख मात्र हवा होता. तोडगा निघाला तो असा : रशियाने डॅन्यूबकाठचा हट्ट सोडावा आणि पोलंडमध्ये हात धुऊन घ्यावेत, आणि तोल राहावा म्हणून बाकी दोघांनीही तिथलाच तुकडा घ्यावा. ५ ऑगस्ट १७७२ रोजी करार झाले. क्षेत्रफळात रशियाचा वाटा मोठा, लोकसंख्येत ऑस्ट्रियाचा. प्रशियाचा सर्वांत लहान, पण त्याने पूर्व प्रशिया उरलेल्या राज्याशी जोडला गेला. तिघांच्या हिशेबी तोल साधला. पोलंडचा सुमारे ३० टक्के भूभाग गेला. पुढे १७९३ आणि १७९५ मध्ये उरलेलाही गेला.

या युक्तीला भरपाई म्हणतात : एकाला मिळाले, तर बाकीच्यांनाही त्या तोलाचे मिळाले पाहिजे. ती चालायला कापून घेता येईल असा दुबळा तिसरा जवळ असावा लागतो. म्हणून संतुलनाने कोण वाचते या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘बडी राष्ट्रे’ असे आहे. दोन बड्यांमध्ये अडसर म्हणून उपयोगी पडणारी लहान राष्ट्रेही वाचतात, पण तो उपयोग असेपर्यंतच.

शांततेचेही तसेच. शांतता हा संतुलनाचा हेतू नव्हे, झालाच तर वरचा फायदा. १८१४-१५ च्या व्हिएन्ना परिषदेत हे अगदी जवळून पाहता येते. रशियाच्या झार अलेक्झांडरला जवळजवळ सगळा पोलंड हवा होता, आणि त्याच्या पाठिंब्याने प्रशियाला सगळे सॅक्सनी. ब्रिटनचे कॅसलरे, ऑस्ट्रियाचे मेटरनिख आणि नुकत्याच हरलेल्या फ्रान्सचे तालेराँ यांनी ३ जानेवारी १८१५ रोजी गुप्त तह केला : वेळ आलीच तर प्रत्येकी दीड लाख सैन्य उभे करायचे. नेपोलियनला पाडणारे दोस्त वर्षभराच्या आत एकमेकांवर तलवार उपसायच्या बेतात होते. कुणकुण लागताच समोरच्यांनी पवित्रा बदलला. प्रशियाने सॅक्सनीची सुमारे दोन पंचमांश लोकसंख्या असलेला भाग आणि ऱ्हाइनकाठचा मुलूख यांवर समाधान मानले.

वाटणीसाठी व्हिएन्नात एक सांख्यिकी समिती बसवली होती. तिचे काम डोकी मोजण्याचे : कोणत्या प्रांतात किती ‘आत्मे’. तालेराँचे म्हणणे असे की पोलंडमधला निष्कांचन शेतकरी आणि ऱ्हाइनकाठचा सधन रहिवासी यांना सारखेच कसे धरायचे? हिशेब अखेर डोक्यांवरच झाला. बळ मोजायचे कशाने, हा वाद तेव्हाही मिटला नव्हता.

प्रश्न : नाना फडणवीसांचे राजकारण सत्तासंतुलनाचे होते असे म्हणता येईल का? की आपण आपल्या इतिहासावर युरोपचा शब्द चिकटवतो आहोत? – इतिहासप्रेमी, वाई

उत्तर : म्हणता येईल, आणि ते तिसऱ्या म्हणजे धोरणाच्या अर्थाने. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दख्खनमध्ये पुणे, हैदराबाद, म्हैसूर आणि इंग्रज अशा चार सत्ता होत्या. कोणा एकाला बाकीच्या तिघांवर मात करता येत नव्हती. अशा मांडणीत मित्र कायमचा नसतो, हे नानांना पक्के ठाऊक होते.

१७७९-८० मध्ये त्यांनी हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना इंग्रजांविरुद्ध एकत्र आणले. ही चौकडी मोडायला इंग्रजांचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याने प्रत्येकाची वेगळी किंमत पाहिली : निजामाला गुंटूर परत देऊन थंड केले, भोसल्यांना पैसा देऊन. १७८२ च्या सालबाईच्या तहाने पुणे आणि इंग्रज यांचे युद्ध थांबले. अवघ्या आठ वर्षांत, १७९० मध्ये, तेच पुणे टिपूविरुद्ध इंग्रज आणि निजाम यांच्या बाजूला गेले. आज हे वाचून कोणी ‘दगाबाजी’ म्हणते, पण नानांच्या हिशेबात तेव्हा डोईजड होत होता तो टिपू.

१७९२ चा श्रीरंगपट्टणचा तह हा या खेळाचा उत्तम नमुना. टिपूचे निम्मे राज्य आणि ३ कोटी ३० लाख रुपये घेतले, दोन मुलगे ओलीस ठेवून घेतले, पण गादी त्याच्याकडेच ठेवली. टिपू साफ संपला असता तर उरलेल्या तिघांतली चढाओढ उघडी पडली असती. इंग्रजांचा गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिस याला मराठ्यांविरुद्ध टिपू हवा होता, पुण्याला इंग्रजांविरुद्ध. जिंकलेला मुलूख तिघांत वाटला गेला आणि मराठ्यांची हद्द तुंगभद्रेपर्यंत गेली.

मग चुकले कुठे? आमच्या मते खर्ड्याला. मार्च १७९५ मध्ये तिथे निजामाचा पराभव झाला, दौलताबादचा किल्ला आणि सुमारे तीन कोटी रुपये कबूल करून घेतले गेले. लढाई जिंकली, पण निजामाला इतके दाबले की तो दुसऱ्याच्या कुशीत शिरायला मोकळा झाला. इंग्रजांचा गव्हर्नर-जनरल जॉन शोर तटस्थ राहिला म्हणून निजाम आधी फ्रेंच अधिकाऱ्यांच्या पलटणींवर विसंबला, आणि १७९८ मध्ये शोरनंतर आलेल्या वेलस्लीने त्या पलटणी मोडायला लावून त्याच्या गळ्यात तैनाती फौज बांधली. चारांतला एक खेळाडू कमी झाला. १७९९ मध्ये टिपू मारला गेला, पुण्याने त्या युद्धात धड कोणाचीच बाजू घेतली नाही आणि मागाहून अटींसह देऊ केलेला वाटाही नाकारला. चाराचे दोन झाले की डावपेचांना जागाच उरत नाही. मार्च १८०० मध्ये नाना गेले, ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईच्या तहाने पेशव्यानेही तैनाती फौज पत्करली.

आणखी एक गोष्ट हिशेबात धरली पाहिजे. तिघांचे बळ दख्खनमध्येच होते, चौथ्याचे निम्मे पटाबाहेर : बंगालचा महसूल आणि समुद्र. ज्या खेळाडूला बाहेरून हवी तितकी रसद आणता येते त्याला पटावरच्या सोंगट्यांनी फार काळ अडवता येत नाही. युरोपात हीच जागा ब्रिटनची होती, म्हणूनच त्याला संतुलन ‘राखणारा’ होणे परवडले.

प्रश्न : कौटिल्याचा मंडल सिद्धान्त म्हणजे आपले भारतीय सत्तासंतुलनच ना? – लातूर

उत्तर : नाही. साधने सारखी आहेत, हेतू वेगळा. संधी (तह), विग्रह (युद्ध), आसन (स्वस्थ थांबणे), यान (चाल करून जाणे), संश्रय (बलवानाचा आसरा) आणि द्वैधीभाव (एकाशी तह, दुसऱ्याशी युद्ध) ही सहा गुणांची यादी संतुलन राखणाऱ्या कोणत्याही मुत्सद्द्याला ओळखीची वाटेल. पण बारा राजांच्या मंडलाच्या मध्यभागी जो आहे त्याचे नावच विजिगीषू, जिंकू पाहणारा. शेजारी तो शत्रू आणि शत्रूचा शेजारी तो मित्र, हे गणित त्याने वाढावे म्हणून आहे. मंडलातला ‘उदासीन’, म्हणजे कोणाच्याच बाजूला नसलेला बलाढ्य राजा, हा संतुलन राखणाऱ्याच्या जवळ येतो, पण ग्रंथ त्याच्यासाठी लिहिलेला नाही.

प्रश्न : दोन देशांचे बळ आकड्यांत मोजायची रीत आहे का? वादविवाद स्पर्धेत कोणीही काहीही आकडे फेकते. – प्रशिक्षक, कोल्हापूर

उत्तर : रीत आहे. सर्वांत जास्त वापरला जाणारा निर्देशांक सहा घटकांचा आहे : एकूण लोकसंख्या, शहरी लोकसंख्या, लोखंड-पोलाद उत्पादन, ऊर्जेचा वापर, लष्करी खर्च आणि सैनिकांची संख्या. प्रत्येक घटकात देशाचा जगातला वाटा काढायचा आणि सहा वाट्यांची सरासरी घ्यायची. बस.

एक घटक करून पाहा. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेनुसार २०२४ मध्ये जगाचा लष्करी खर्च २,७१८ अब्ज डॉलर होता. त्यात अमेरिका ९९७, चीन अंदाजे ३१४, भारत ८६.१, पाकिस्तान १०.२. म्हणजे अमेरिकेचा वाटा जवळपास ३७ टक्के, चीनचा साडेअकरा, भारताचा तीनच्या थोडा वर. भारताचा खर्च पाकिस्तानच्या आठपट. स्पर्धक इथेच थांबतो आणि इथेच चुकतो. एक, डॉलरचा दर : पुण्यात आणि टेक्ससमध्ये सैनिकाचा पगार सारखा नसतो, म्हणून बाजारभावाच्या डॉलरमध्ये भारत आणि चीन आहेत त्यापेक्षा लहान दिसतात. दोन, खर्चात पगार आणि निवृत्तिवेतन किती, नवी सामग्री किती. तीन, आघाड्या : भारताला तेच सैन्य दोन सीमांवर वाटावे लागते, पाकिस्तानला त्यातले बहुतेक एका बाजूला ठेवता येते. आठपट हा आकडा सीमेवर कधीच आठपट नसतो.

सहा घटकांच्या निर्देशांकाचीही खोड आहे. तो पोलाद आणि माणसे मोजतो, म्हणून १९८० च्या दशकात त्यात सोव्हिएत संघ अमेरिकेच्या पुढे दिसतो, तोही कोसळायच्या काही वर्षे आधी. आज जगातले निम्म्याहून जास्त पोलाद चीनमध्ये बनते, त्यामुळे चीन फुगतो. नुसते एकूण उत्पन्न घेतले तरी सुटका नाही : अफूच्या पहिल्या युद्धात, १८३९-४२ मध्ये, मोठ्या अर्थव्यवस्थेचा चीन लहान ब्रिटनकडून हरला.

आकडे सारखे नसताना दोन्ही बाजूंनी ‘समतोल’ मान्य केल्याचे उदाहरण स्पर्धकांना जरूर द्या. २६ मे १९७२ च्या मॉस्को करारात जमिनीवरच्या आंतरखंडीय क्षेपणास्त्रांची मर्यादा अमेरिकेला १,०५४ आणि सोव्हिएत संघाला १,६१८ अशी होती. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी सही केली, कारण अमेरिकी क्षेपणास्त्रांवर एकाहून अधिक स्वतंत्र अण्वस्त्रे बसू लागली होती आणि लांब पल्ल्याची बॉम्बफेकी विमाने मोजणीतच नव्हती. अमेरिकेच्या काँग्रेसला हे पटले नाही. पुढच्या करारात अमेरिकेची मर्यादा कमी नको, असा आग्रह तिने ठरावाने धरला, आणि १९७४ मध्ये व्लादिवोस्तोक इथे दोघांना सारखा २,४०० चा आकडा ठरला. लष्करी समतोल आणि लोकांना दाखवायचा समतोल असे दोन वेगळे हिशेब होते.

प्रश्न : सगळे बलाढ्याविरुद्ध एकत्र येतात, तर १९९१ नंतर अमेरिकेविरुद्ध कोणी का आले नाही? – ठाणे

उत्तर : पाचव्या अर्थाला हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. एक उत्तर असे की राष्ट्रे बळाला नव्हे, धोक्याला तोलतात. धोका चार गोष्टींवर ठरतो : एकूण बळ, जवळीक, चढाईची क्षमता आणि समोरच्याचा इरादा. अमेरिका दोन महासागरांपलीकडे आहे, रशिया सीमेला लागून. म्हणून १९४९ मध्ये १२ सदस्यांची असलेली नाटो ही अमेरिकेच्या पुढाकाराची लष्करी आघाडी २०२४ मध्ये ३२ वर गेली. दुबळ्या पण जवळच्याला घाबरून लोक बलाढ्याकडे गेले. दुसरे उत्तर, ‘संतुलन होईल, वेळ लागतो.’ हे आम्हाला पटत नाही. किती वर्षांत, हे न सांगता केलेले भाकीत कधीच चुकत नाही.

प्रश्न : भारत क्वाडमध्ये (अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया आणि भारत यांच्या गटात) आहे, म्हणजे तो चीनविरुद्ध संतुलन साधतो आहे ना? – नाशिक

उत्तर : विशेषणे सोडा, पावले पाहा. संतुलन दोन प्रकारे साधतात : स्वतःचे बळ वाढवून, किंवा दुसऱ्याशी हात मिळवून. हात मिळवण्याची कसोटी म्हणजे हल्ला झाल्यास काय, याचे कलम. क्वाडमध्ये असे कलम नाही. १९७१ च्या भारत-सोव्हिएत करारात निदान नववे कलम होते : हल्ला झाला किंवा तशी धमकी आली, तर दोघांनी लगेच सल्लामसलत करून योग्य ती पावले उचलायची. त्याच्या महिनाभर आधी अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर पाकिस्तानमार्गे गुपचूप बीजिंगला जाऊन आले होते, हे ध्यानात घेतले की त्या कलमाचे वजन कळते. आजचा भारत क्वाडमधल्या देशांबरोबर मलबार हा नौदल सराव करतो, २०१७ पासून शांघाय सहकार्य संघटनेतही बसतो, आणि एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा रशियाकडून घेतो. याला आघाडी म्हणणे घाईचे आहे. पर्याय उघडे ठेवणे म्हणा.

प्रश्न : केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत राज्यशास्त्र हा वैकल्पिक विषय आहे. दुसऱ्या पेपरच्या अभ्यासक्रमात सत्तासंतुलन आहे. १५० शब्दांत एवढे सगळे कसे बसवू? – परीक्षार्थी, पुणे

उत्तर : सगळे बसवू नका. पहिल्या दोन वाक्यांत आपण कोणता अर्थ घेतो ते सांगा, साधारण ३० शब्दांत. पुढचे ७० शब्द एकाच उदाहरणाला द्या, वर्ष आणि तहाचे नाव घालून. पाच उदाहरणांची नुसती नावे तपासणाऱ्याला काहीच सांगत नाहीत. उरलेल्या ५० शब्दांत त्याच अर्थावरचा एक आक्षेप आणि त्याचे उत्तर. प्रश्नात ‘आजही लागू आहे का’ असे विचारले असेल तर धोरण लागू आहे की सिद्धान्त, हे आधी वेगळे करा. धोरण म्हणून देश आजही ते वापरतात, सिद्धान्त म्हणून १९९१ नंतरचा काळ त्याला जड जातो. आणि उत्तर संपल्यावर एकदा मागे जाऊन शेवटच्या ओळीतला ‘संतुलन’ पहिल्या ओळीतलाच आहे का ते बघा.